डायरएन्व्ह इन्स्टॉल झालंय पण काहीच होईना गेलंय? शेलला जोडायचं कसं, पहिल्यापासून

मागच्या सोयाबीनच्या हंगामात माझ्याकडे दोन कामं एकदाच होती. एक आडत दुकानाचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई मांडून पट्टी काढायची, आणि दुसरं एका क्लासच्या हजेरीचं. दोन्हीला डेटाबेसचा पत्ता लागतो आणि तो मी बॅशआरसी नावाच्या सेटिंगच्या फाईलीत लिहून ठेवायचो, आज हे काम असलं की ही ओळ चालू आणि ती ओळ पुढं हॅश टाकून बंद, उद्या उलटं. एका रात्री लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी तशीही नावालाच होती, तो बंद पडला, लाईट आल्यावर परत चालू केला आणि हजेरीचंच काम करायलोय असं समजून टेस्टचा डेटा पुसायची कमांड मारली. पुसला गेला आडतवाल्याचा डेटा. सकाळचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण दुपारनंतरच्या पट्ट्या कागदावरून बघून परत भरल्या, रात्री दोन वाजेपर्यंत.

त्यानंतर डायरएन्व्ह घेतलं. हे एक छोटं फुकटचं टूल आहे, काम एकच करतं: प्रत्येक फोल्डरची आपापली सेटिंग त्या फोल्डरमध्येच एका फाईलीत ठेवायची, आपण फोल्डरमध्ये शिरलो की ती लागू, बाहेर पडलो की गायब. आडतीच्या फोल्डरमध्ये आडतीचा डेटाबेस, क्लासच्या फोल्डरमध्ये क्लासचा. बांध ओलांडला की रान दुसऱ्याचं, तसं.

इन्स्टॉल करायला दोन मिनिटं लागतात. लोकं अडकतात ते त्याच्या पुढं, शेलला जोडण्यात. परभणीहून, लातूरहून, नांदेडहून पोरांचे फोन येतात आणि वाक्य ठरलेलं, दादा इन्स्टॉल तर झालंय, व्हर्जन पण दाखवतंय, पण काहीच होईना गेलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी एक सांगतो. कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, फोनवर सांगतो तशा. टाईप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या आणि चिन्हं इथं दिसतात तशीच टाकायची. हे मुद्दाम केलंय. कॉपी करून चिकटवलं की आपण काय चिकटवलं ते डोळ्याखालून जातच नाही, आणि या कामात निम्म्या चुका तिथंच होतात. टूलचं स्पेलिंग डी, आय, आर, ई, एन, व्ही असं सलग, मधे जागा नाही.

पायरी १: आपण कोणत्या शेलमध्ये बसलोय ते बघा

टर्मिनल ही नुसती खिडकी. खिडकीच्या आत बसून आपलं ऐकणारा जो असतो तो शेल. उबंटूवर तो बहुतेक वेळा बॅश असतो, हा १९८९ साली ब्रायन फॉक्सने ग्नू प्रोजेक्टसाठी लिहिलेला. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून नवीन खात्याला झेडएसएच मिळतो. कोणाकोणाकडे फिश असतो, पण ज्यानं फिश घातलाय त्याला ते माहीत असतंच.

बघायचं असं:

इको $०

म्हणजे इको, जागा, डॉलर आणि शून्य. उत्तरात बॅश किंवा झेडएसएच दिसेल. कधी नावाच्या आधी एक आडवी रेघ दिसते, ती चूक नाही, शेल लॉगिन म्हणून चालू झालाय एवढाच अर्थ, त्याचं काम पुढं मॅकच्या वेळी पडेल. बरेच लोकं डॉलर शेल, तेही मोठ्या अक्षरांत, असं इको करून बघतात. त्यात खात्याचा ठरवून दिलेला शेल दिसतो, आत्ता समोर चालू असलेला नाही. माझ्या एका मित्रानं झेडएसएच चालू असताना दोन तास बॅशच्या फाईलीत ओळी घातल्या ते याच्यामुळंच.

विंडोजवाल्यांनो, तुमच्याकडे पॉवरशेल असेल. डायरएन्व्ह पॉवरशेललाही जोडता येतं, पण नवीन माणसानं सरळ डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, घ्यावं असं माझं मत, कारण पुढं जे काही शिकाल, जे काही सर्व्हरवर चढवाल ते बहुतेक लिनक्सवरच चालणार आहे. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

मारा. डब्ल्यूएसएल म्हणजे तीन अक्षरं, डब्ल्यू एस एल, आणि रेघा दोन. विंडोज १० चं २००४ व्हर्जन किंवा त्यापुढचं पाहिजे, विंडोज ११ असेल तर प्रश्नच नाही. उबंटू उतरतं, मशीन रिस्टार्ट करायला लावतं, मग यूजरनेम आणि पासवर्ड विचारतं. पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला समजून घाबरू नका, टाईप करून एंटर मारा. आणि हे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर दिवसाचा डेटा बघून करा, अर्ध्यात संपला की परत पहिल्यापासून.

पायरी २: टूल बसवा

उबंटू किंवा डब्ल्यूएसएल:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल डायरएन्व्ह

मॅकवर होमब्रू (टूलं बसवून देणारं टूल) असेल तर ब्रू इन्स्टॉल डायरएन्व्ह, फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. झालं की

डायरएन्व्ह व्हर्जन

यात आकडा आला म्हणजे टूल मशीनवर आलं. एवढंच. जोडलं गेलेलं नाही. ज्यांचे फोन येतात ते सगळे इथंच थांबलेले असतात, त्यांची चूक नाही म्हणा, बाकी टूल इन्स्टॉल केलं की चालतंच ना.

जोडायचं का लागतं, हे समजल्याशिवाय पुढं जाऊ नका

आपल्याकडं निम्म्या घरांतलं कोणीतरी पुण्याला आहे. पोरगं निघताना घरातलं थोडं थोडं सगळं सोबत नेतं, चटणी, लोणचं, पांघरूण. तिथं आपल्या खोलीत ते भिंतीला निळा रंग देवो नाहीतर पंखा बदलो, गावाकडच्या घराची भिंत काही निळी होत नाही. जे नेलं ती कॉपी होती.

शेल आणि त्याच्यातून चालणारे प्रोग्राम यांचं अगदी असंच आहे. शेल हे घर. तुम्ही कमांड मारली की एक पोर प्रोसेस निघते, घरातली सगळी व्हेरिएबल, म्हणजे नाव लावून ठेवलेल्या किमती, कॉपी करून घेऊन जाते, आपलं काम करते आणि संपते. जाताना तिनं स्वतःची व्हेरिएबल कितीही बदलली तरी शेलची बदलत नाहीत. लिनक्स काय, मॅक काय, हा नियम ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे, कोणत्याही टूलला तो मोडता येत नाही. मग डायरएन्व्ह नावाचा बाहेरचा प्रोग्राम तुमच्या शेलमधलं डेटाबेसचं व्हेरिएबल कसं बदलणार?

तो स्वतः बदलत नाही, फोन करून निरोप देतो. आप्पा, ओसरीतला बल्ब बदला. आणि आप्पा उठून बदलतात. घरात हात लावणारे आप्पाच, म्हणजे शेलच. डायरएन्व्ह फक्त छापून दाखवतं की बाबा अमुक व्हेरिएबल तमुक कर, आणि शेलमध्ये इव्हॅल नावाची एक आतलीच कमांड आहे, ती आलेला मजकूर कमांड समजून चालवते. इव्हॅल म्हणजे निरोप ऐकून उठणारे आप्पा.

राहिला प्रश्न आप्पा फोन कधी बघणार. तर दर वेळी प्रॉम्प्ट दिसायच्या आधी, म्हणजे तुमची एक कमांड संपून दुसरीसाठी जागा मिळायच्या आधी, शेल विचारतो, काही निरोप आहे का? हे विचारायची सवय शेलला लावणं यालाच हुक म्हणतात, आणि शेलला जोडणं म्हणजे हीच सवय लावणं, दुसरं काही नाही.

विश्वास नसेल तर आत्ताच बघा, काही बिघडत नाही:

डायरएन्व्ह हुक बॅश

नुसतं एवढं मारलं की स्क्रीनवर आठदहा ओळी पडतील. त्यात एक फंक्शन आहे आणि ते फंक्शन प्रॉम्प्ट कमांड नावाच्या व्हेरिएबलमध्ये आधीच आहे का हे तपासून, नसेल तरच घालायची सोय आहे. म्हणजे चुकून तुम्ही ती ओळ दोनदा लिहिली तरी हुक दोनदा बसत नाही, लिहिणाऱ्यानं आपल्यासारख्यांचा विचार केलाय. पण या ओळी आत्ता फक्त दिसल्या, चालल्या नाहीत. निरोप आला, आप्पा झोपलेले.

पायरी ३: ती एक ओळ

शेल सुरू होताना आपली एक फाईल वाचतो. बॅशची फाईल तुमच्या होम फोल्डरमध्ये .बॅशआरसी या नावाची, सुरुवातीला टिंब आहे म्हणून फायलींची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएस कमांडमध्ये दिसत नाही. आधी तिची कॉपी काढून ठेवा, कंटाळा करू नका:

सीपी ~/.बॅशआरसी ~/.बॅशआरसी.जुनी

~ हे चिन्ह कीबोर्डवर १ च्या डावीकडं असतं, शिफ्ट दाबून. त्याचा अर्थ माझं घर. आणि जुनीच्या जागी इंग्रजीत काहीही लिहा. आता नॅनो या टर्मिनलमधल्या साध्या एडिटरनं फाईल उघडा:

नॅनो ~/.बॅशआरसी

बाणाच्या बटणानं अगदी तळाला जा आणि नवीन ओळीवर लिहा:

इव्हॅल "$(डायरएन्व्ह हुक बॅश)"

फोनवर सांगतो तसं सांगायचं तर इव्हॅल, जागा, डबल कोट, डॉलर, डॉलरला चिकटून गोल कंस, मग डायरएन्व्ह जागा हुक जागा बॅश, कंस बंद, डबल कोट बंद. कंसातलं आधी चालतं, त्याचा जो मजकूर येतो तो इव्हॅलला मिळतो. आत्ताच बघितलेल्या त्याच आठदहा ओळी, या वेळी आप्पा जागे आहेत. कंट्रोल आणि ओ दाबून सेव्ह, एंटर, कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर.

तळालाच का? कारण प्रॉम्प्टशी खेळणारी बाकीची टूलं, गिटची ब्रँच दाखवणारं वगैरे, त्यातली काही याच प्रॉम्प्ट कमांडला हात लावतात, एखादं तर आधीचं पुसून आपलंच लिहितं. आपण सगळ्यात शेवटी असलो की आपल्यावरून कोणी पुसत नाही.

काही जण नॅनो न उघडता इको करून ओळ फाईलीत ढकलतात. चालतं, पण त्यात बाण दोन पाहिजेत, >> असे. एकच > टाकला की जुनी फाईल पूर्ण पुसून त्यात ती एकच ओळ राहते. आपण कॉपी काढली ती यासाठीच. आणि ज्यानं कॉपी न काढता हे करून ठेवलंय त्यानं उबंटूवर

सीपी /ईटीसी/स्केल/.बॅशआरसी ~/

करावं, नव्या खात्याला जी कोरी फाईल मिळते ती तिथं ठेवलेली असते. स्केल म्हणजे एस, के, ई, एल. तुमच्या स्वतःच्या ओळी मात्र गेल्या त्या गेल्या.

झेडएसएच असेल तर फाईल .झेडएसएचआरसी आणि ओळीत बॅशच्या जागी झेडएसएच, बाकी सगळं तेच. नव्या मॅकवर ही फाईल नसतेच, नॅनोनं उघडून सेव्ह केली की तयार होते. ओह माय झेडएसएच वापरणाऱ्यांकडे प्लगइनच्या यादीत डायरएन्व्ह लिहिलं तरी भागतं, मग ओळ घालू नका, दोन्हीतलं एक करा. मॅकवर हट्टानं बॅश वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या की तिथलं टर्मिनल लॉगिन शेल उघडतं, आणि लॉगिन बॅश .बॅशआरसी वाचत नाही, .बॅश_प्रोफाईल वाचतो, सुरुवातीला म्हटलेली आडवी रेघ ती हीच. फिशमध्ये इव्हॅल आणि कोट लागत नाहीत, तिथं .कॉन्फिग/फिश या फोल्डरमधल्या कॉन्फिग.फिश फाईलीत डायरएन्व्ह हुक फिश | सोर्स असं लिहायचं.

पायरी ४: चालतंय का बघा

आत्ता उघडं असलेलं टर्मिनल बंद करू नका. त्यानं फाईल सुरू होतानाच वाचली होती, त्यामुळं नव्या ओळीचा त्याला पत्ता नाही, पण फाईलीत काही चुकलं असेल तर दुरुस्त करायला तेच कामाला येतं. दुसरं नवीन टर्मिनल उघडा. लाल अक्षरांत आरडाओरडा न होता प्रॉम्प्ट आला तर बरं झालं. (सगळंच बंद करून बसलात आणि नवीन टर्मिनल उघडत नाही अशी वेळ आलीच तर बॅश --नोआरसी अशी कमांड देऊन बॅश चालू करा, तो ती फाईल न वाचता उघडतो.)

आता नवीन टर्मिनलमध्ये:

एमकेडीआयआर ~/चाचणी
सीडी ~/चाचणी
नॅनो .एन्व्हआरसी

पहिली कमांड फोल्डर बनवते, दुसरी त्यात नेते. फोल्डरचं नाव इंग्रजीत काहीही द्या. फाईलीचं नाव मात्र टिंब, ई, एन, व्ही, आर, सी असंच पाहिजे, या नावाशिवाय ओळखत नाही. आत एकच ओळ:

एक्स्पोर्ट गाव=लातूर

गाव आणि लातूर हे इंग्रजीत, व्हेरिएबलचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडं पलीकडं जागा सोडायची नाही, सोडली की बिघडलं. सेव्ह करून बाहेर आलात की लगेच ओरडेल, फाईल ब्लॉक्ड आहे, डायरएन्व्ह अलाऊ करा म्हणून. हा ओरडा दिसला की समजा हुक बसला! काहीच नाही दिसलं तर खाली भानगडींमध्ये जा.

डायरएन्व्ह अलाऊ

लोडिंग असं येईल, खाली एक्स्पोर्ट आणि अधिकचं चिन्ह लावून तुमचं व्हेरिएबल. इको $गाव करून बघा, लातूर येतं. सीडी .. करून बाहेर या, अनलोडिंग दिसेल, परत इको करा, कोरी ओळ. आत बाहेर आत बाहेर दोनचारदा करून बघा, मी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं तेच करत बसलो होतो.

अलाऊ उगंच मागत नाही

नवीन लोकांना हे अलाऊ प्रकरण कटकट वाटतं. पण विचार करा, आप्पा कोणाचाही फोन आला तरी सांगितलेलं करायला उठले तर एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणेल, ओटीपी सांगा. .एन्व्हआरसी ही नुसती यादी नाही, ती अख्खी बॅश स्क्रिप्ट आहे, तिच्यात तुमच्या फायली पुसायची कमांडसुद्धा बसू शकते. तुम्ही गिटवरून कोणाचा तरी प्रोजेक्ट उतरवला आणि नुसतं त्यात सीडी केलं तर त्यातलं आपोआप चाललं, असं झालं तर काय राहिलं?

म्हणून डायरएन्व्ह फाईलीचा पत्ता आणि तिच्यातला मजकूर या दोन्हीचा मिळून एक हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी खूण, काढतं आणि तो तुम्ही अलाऊ केलेल्यांत आहे का बघतं. एक अक्षर जरी बदललं तरी परवानगी गेली, परत विचारणार. गिट पुल केल्यावर अचानक ब्लॉक्ड आलं तर समजायचं की टीममधल्या कोणीतरी फाईल बदलली, तेव्हा आधी कॅट .एन्व्हआरसी करून वाचायचं आणि मगच अलाऊ. हाताला सवय लागते, ओरडलं की अलाऊ, ओरडलं की अलाऊ. ती लावून घेऊ नका. परवानगी काढून घ्यायची असली तर डायरएन्व्ह डिनाय.

दुसरं, या फाईलीत पासवर्ड, चाव्या असतील तर ती गिटमध्ये चढवू नका, .गिटइग्नोरमध्ये तिचं नाव आधी घाला आणि मग फाईल बनवा, या क्रमानं. टीमसाठी खोट्या किमती घातलेली एक नमुना फाईल वेगळ्या नावानं ठेवा. चुकून एकदा चढलीच तर पुढच्या कमिटमध्ये ती काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये ती दिसतेच, सरळ ती चावी रद्द करून नवी घ्या.

भानगडी, फोनवर येतात त्या क्रमानं

कमांड नॉट फाउंड, नवीन टर्मिनल उघडल्या उघडल्या. एकतर टूल बसलंच नाही, नाहीतर ते जिथं बसलंय तो पत्ता शेलला अजून माहीत नाही. मॅकवर हे हमखास होतं, होमब्रूचा पाथ लावणारी ओळ खाली आणि हुकची ओळ वर लिहिलेली असते. फाईल वरून खाली वाचली जाते, क्रम बदला.

काहीच होत नाही, एररही नाही. टाईप _डायरएन्व्ह_हुक असं मारून बघा, टाईप ही कमांडच आहे. फंक्शन आहे असं आलं तर हुक बसलाय आणि घोळ .एन्व्हआरसीच्या नावात असणार. सापडलं नाही म्हणाला तर ओळ चुकीच्या फाईलीत आहे किंवा तुम्ही अजून जुन्याच टर्मिनलमध्ये बसलात. डायरएन्व्ह स्टेटस मारलं की कोणती फाईल सापडली आणि तिला परवानगी आहे का तेही कळतं.

व्हॉट्सॲपवरून आलेली ओळ. हा आपल्याकडचा खास रोग. मित्रानं मोबाईलवरून ओळ पाठवली, मोबाईलच्या कीबोर्डनं सरळ कोट वाकडे करून टाकले, दिसायला छान, शेलला मात्र ते कोट म्हणून कळतच नाहीत. आणि एका ओळीत दोन ~ आले तर व्हॉट्सॲप कधीकधी मधला मजकूर खोडल्यासारखा दाखवतं आणि चिन्हंच गिळतं. वर्डमध्ये नोट्स ठेवणाऱ्यांचंही कोटांच्या बाबतीत तेच. कोट हातानं परत टाईप करा, बस.

विंडोजच्या एडिटरमधून फाईल सेव्ह केली आणि आता प्रत्येक ओळीला एरर, त्यात उलटी तिरकी रेघ आणि आर. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं अक्षर घालतं, लिनक्सला ते नको असतं. सुडो एपीटी इन्स्टॉल डॉसटूयुनिक्स करून त्या फाईलीवर चालवा, टू म्हणजे आकडा २. आणि इथून पुढं डब्ल्यूएसएलच्या फायली नॅनोमध्येच उघडा.

आत अलियास, म्हणजे कमांडचं टोपणनाव, लिहिला, चालंना गेलाय. चालणारच नाही. डायरएन्व्ह तुमची फाईल वेगळ्या बॅशमध्ये चालवतं आणि त्यातून फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तुमच्या शेलकडं पाठवतं. अलियास आणि फंक्शन त्या पुण्याच्या खोलीतच राहतात. छोटी स्क्रिप्ट करून बिन फोल्डरमध्ये टाका आणि .एन्व्हआरसीत पाथ_ॲड बिन लिहा, यात पाथ मोठ्या अक्षरांत आणि ॲड छोट्या.

टर्मिनलमध्ये चालतं पण एडिटरच्या रन बटणाला व्हेरिएबल दिसत नाही. आयकॉनवर क्लिक करून उघडलेला एडिटर तुमच्या शेलच्या पोटातून आलेलाच नाही, त्याला कुठून मिळणार? व्हीएस कोड पूर्ण बंद करा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन कोड . असं मारून उघडा. ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या क्रॉनचंही असंच, त्याला प्रॉम्प्ट नाही, त्यामुळं हुकही नाही. तिथं डायरएन्व्ह एक्झेक, मग फोल्डरचा पत्ता, मग कमांड असं लिहायचं. माझा आडतीचा रात्रीचा बॅकअप असाच चालतो.

आतल्या फोल्डरमध्येही .एन्व्हआरसी केली आणि बाहेरच्या फोल्डरची व्हेरिएबल गेली. सगळ्यात जवळची एकच फाईल घेतली जाते. दोन्ही पाहिजेत तर आतल्या फाईलीच्या पहिल्या ओळीत सोर्स_अप लिहा.

पायथनवाल्यांसाठी थोडं

.एन्व्हआरसीत लेआऊट पायथन३ एवढी एकच ओळ लिहून अलाऊ केलं की त्या फोल्डरसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आपोआप बनतं, .डायरएन्व्ह नावाच्या फोल्डरमध्ये, आणि आत शिरलं की चालू. दर वेळी ॲक्टिव्हेट करायचं विसरणं आणि पॅकेज भलतीकडंच बसवणं बंद. उबंटूवर त्याआधी पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज एपीटीनं घालून घ्या. जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा वेळ लागतो, मधेच फार वेळ लागतोय, सोडायचं तर कंट्रोल आणि सी दाबा असंही म्हणतं. दाबू नका, चहा घ्या. आणि प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव यायचं ते इथं येत नाही, कारण प्रॉम्प्टचं व्हेरिएबल डायरएन्व्ह पाठवत नाही. विच पायथन मारून पत्ता बघितला की खात्री पटते.

आधीपासून .एन्व्ह फाईल असलेल्या प्रोजेक्टमध्ये .एन्व्हआरसीत नुसतं डॉटएन्व्ह असं लिहिलं तरी ती वाचली जाते, सगळं परत लिहीत बसायची गरज नाही.

ही इव्हॅलची ओळ एकदा कळली की बाकीच्यांच्या ओळी ओळखीच्या वाटतात. झेडऑक्साइड, स्टारशिप या टूलांच्याही अशाच, फक्त हुकच्या जागी इनिट असतं. नोडची व्हर्जन बदलणारं एनव्हीएम तर आणखी मजेशीर, तो मुळात प्रोग्रामच नाही, शेलमध्ये भरलेलं फंक्शन आहे, म्हणून विच एनव्हीएम केलं की काहीच सापडत नाही आणि लोकं परत परत इन्स्टॉल करत बसतात. पण प्रत्येक ओळ टर्मिनल उघडायचा वेळ थोडा वाढवते. सातआठ टूलं लावल्यावर उघडायला उशीर व्हायला लागला तर टाईम बॅश -आय -सी एक्झिट मारून सेकंद मोजा आणि एकेक ओळ हॅश लावून बंद करत कोण खातंय ते शोधा. या कमांडीतला टाईम म्हणजे वेळवाला, मघाचा टाईप वेगळा.

आणि नकोच वाटलं तर काढायला सोपं आहे. आधी .बॅशआरसीमधली ती ओळ काढा, नवीन टर्मिनल उघडा, मग सुडो एपीटी रिमूव्ह डायरएन्व्ह. उलट क्रमानं केलं तर टर्मिनल उघडलं की दर वेळी कमांड नॉट फाउंड येत राहतं, आणि मग परत फोन येतो, दादा, काढलं तरी जाईना गेलंय.